करुणेने कक्ष चालवणाऱ्या परिसेविकेचा गौरव कसा करावा

कोकणातल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयात, मग ते रत्नागिरी किंवा ओरोस येथील जिल्हा रुग्णालय असो अथवा कामथे, कणकवली, सावंतवाडी येथील उपजिल्हा रुग्णालय, कक्षाचा रोजचा कारभार परिसेविकेच्या हाती असतो. कागदोपत्री तिच्या वर सहाय्यक अधिसेविका आणि अधिसेविका ही पदे असतात. बोलण्यात मात्र परिसेविका म्हणजे इन्चार्ज सिस्टर आणि अधिसेविका म्हणजे मेट्रन मॅडम. बरा होऊन घरी निघालेला रुग्ण डॉक्टरांचे आभार मानतो, सलाईन लावणाऱ्या सिस्टरचा चेहराही त्याच्या लक्षात राहतो. पण त्या सिस्टरला लागोपाठच्या नाईट ड्यूटीतही रुग्णाशी शांतपणे बोलता यावे, अशी घडी जिने बसवलेली असते तिचे काम त्याच्या नजरेस पडत नाही. अशा परिसेविकेचा सन्मान व्हावा असे गावातील एखाद्या संस्थेला, रुग्णाच्या कुटुंबाला किंवा तिच्याच सहकाऱ्यांना वाटत असेल, तर तो कसा करावा यासंबंधी येथे लिहिले आहे. काही ठिकाणी ही जबाबदारी पुरुष परिचारक सांभाळतात. पुढील सर्व गोष्टी त्यांनाही तेवढ्याच लागू आहेत.

नेमके काय पाहावे

गोड स्वभाव ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु केवळ तेवढ्यावरून नेतृत्वाची पारख होत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मायकेल वेस्ट यांनी करुणामय नेतृत्वाची चार अंगे सांगितली आहेत: सोबतच्या माणसाकडे लक्ष देणे, त्याची अडचण समजून घेणे, ती आपल्या मनाला भिडू देणे आणि ती दूर व्हावी म्हणून प्रत्यक्ष काही करणे. पहिली तीन अंगे बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाहीत, चौथे मात्र दिसते, कारण त्याच्या खुणा रजिस्टरमध्ये, कपाटात आणि ड्यूटी लिस्टमध्ये राहतात. म्हणून शोधाची सुरुवात चौथ्या अंगापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत बोलकी असते ती ड्यूटी लिस्ट, आणि त्यातही भाद्रपदातली. चतुर्थीला घरी जायचे नाही असे म्हणणारा माणूस कोकणात विरळा, आणि रुग्णालय तर त्या दिवसांत बंद ठेवता येत नाही. उलट चाकरमानी गावी आलेले असतात, महामार्गावर वाहनांची रीघ असते आणि पावसाळी तापाचे रुग्णही संपलेले नसतात. कोणाकडे दीड दिवसाचा गणपती, कोणाकडे गौरीबरोबर जाणारा, तर कोणाकडे अनंत चतुर्दशीपर्यंत राहणारा. जी परिसेविका हे सर्व महिनाभर आधी विचारून घेते, गेल्या वर्षी पहिल्या दिवशी जिने ड्यूटी केली तिला या वर्षी तो दिवस मोकळा देते, ज्यांच्या घरी गणपती नाही त्या मुस्लिम, ख्रिस्ती वा बौद्ध सहकाऱ्यांवर दरवर्षी सगळा भार टाकत नाही आणि टाकावाच लागला तर ईद, नाताळ किंवा चौदा एप्रिलला त्याची परतफेड न विसरता करते, आणि एवढे करून चतुर्थीच्या दिवसातली एक पाळी स्वतःच्या नावावर लावते, तिच्या करुणेला आणखी वेगळे प्रमाणपत्र फारसे लागत नाही. रोजच्या पाळ्यांतही हाच प्रश्न असतो. दुपारची पाळी संपेपर्यंत आडगावाकडे जाणारी शेवटची एसटी बहुधा निघून गेलेली असते. तेव्हा ती पाळी शक्यतो क्वार्टर्समध्ये वा गावातच राहणाऱ्या सिस्टरना आणि सकाळची पाळी लांबून येणाऱ्यांना मिळावी, यासाठी कोणी डोके लावले आहे का, हे पाहावे.

दुसरी जागा म्हणजे ओव्हर. एक पाळी दुसरीला रुग्ण सोपवते त्या वेळी परिसेविका काय विचारते यावर त्या कक्षाचे वळण ठरते. फक्त औषधे, सलाईन आणि लघवीचे माप विचारणारी परिसेविका चोख काम करते. त्यापुढे जाऊन ‘सात नंबरच्या आजींचा मुलगा मुंबईहून निघाला का’ असे विचारणारी, आणि रात्री रुग्ण दगावला असेल तर ती पाळी केलेल्या मुलीला घरी सोडण्याआधी बाजूला बसवून चहा देणारी परिसेविका त्या कक्षातल्या प्रत्येकाला काय महत्त्वाचे आहे ते न बोलता शिकवत असते.

तिसरी जागा म्हणजे हातून झालेली चूक. एखाद्या नव्या सिस्टरकडून औषधाची वेळ चुकली किंवा नोंद राहिली, तर पुढे काय होते? जिथे सर्वांदेखत पाणउतारा होतो तिथे पुढची चूक लपवली जाते, आणि लपवलेल्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो. चूक ताबडतोब डॉक्टरांना कळवायला लावणे, नोंद खरी करायला लावणे, रुग्णाची काळजी आधी घेणे आणि मग ती चूक कशी झाली हे एकांतात विचारणे, हे चारही करणारी परिसेविका मऊ नसते. ती कडकच असते. करुणा आणि शिस्त यांचे वैर आहे असे समजून अनेक जण फक्त मृदू माणसांची निवड करतात, आणि ज्या इन्चार्ज सिस्टरच्या धाकामुळे कक्षात रुग्ण सुरक्षित राहतात ती यादीबाहेर राहते. असे होऊ देऊ नये.

संकटाच्या दिवसांची चौकशी अवश्य करावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, आणि या दोन्ही वेळी कोविडही होताच. रस्ते बंद झाले की पुढची पाळी पोहोचत नाही आणि आधीचीच पाळी थांबते. अशा वेळी कोणाला दोन तास झोपायला पाठवायचे, कोणाच्या घरी पाणी शिरले आहे हे विचारून फोन कोणी लावून द्यायचा, आणि सफाई करणाऱ्या मावशी व कक्षसेवक मामांच्या जेवणाची आठवण कोणी ठेवायची, हे ज्यांनी केले त्यांची नावे त्या कक्षातल्या माणसांच्या ओठावर आजही असतात. विचारणाऱ्याने फक्त विचारायला हवे.

करुणेची घडी माणूस बदलला तरी मोडू नये, हीदेखील एक कसोटी आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग नोव्हेंबर १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्या मूळच्या कर्नाटक किनाऱ्यावरील हळदीपूरच्या. सुमारे ४२ वर्षांच्या या काळात त्यांच्या सोबतीच्या परिचारिका निवृत्त झाल्या, ज्यांनी त्यांना कधी चालताबोलताना पाहिले नव्हते अशा मुली कामावर आल्या, तरी भरवणे, कूस बदलणे, अंग पुसणे अखंड चालू राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या शुश्रूषेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. प्रत्येक इन्चार्जने पुढच्या इन्चार्जला तो वसा सोपवला नसता तर हे घडले नसते. म्हणून तुम्ही ज्यांचा विचार करत आहात त्या परिसेविका रजेवर असतानाही कक्ष तसाच चालतो का, हे विचारून घ्यावे.

माहिती कोणाकडून आणि कशी घ्यावी

वरिष्ठांचे मत घ्यावे, पण शेवटी. आधी कक्षातील सर्वांत नव्या अधिपरिचारिकेला म्हणजे स्टाफ नर्सला, सफाई करणाऱ्या मावशींना, कक्षसेवक मामांना आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींना विचारावे, कारण माणूस आपल्यापेक्षा कमी अधिकाराच्या माणसाशी कसा वागतो हे त्यांनाच ठाऊक असते. विचारण्याची वेळ राऊंडची किंवा औषधे वाटण्याची नसावी, आणि परिसेविका समोर असताना तर मुळीच विचारू नये. ‘मॅडम कशा आहेत?’ असे विचारले तर ‘चांगल्या आहेत’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘तुम्ही अडचणीत असताना मॅडमनी काय केले, एखादा प्रसंग सांगाल का?’ असे विचारावे आणि मग गप्प बसून ऐकावे. नाव जाहीर होणार नाही याची खात्री दिली तर बोलणे अधिक मोकळे होते. तक्रार ऐकू आली तर तीही टिपून ठेवावी. दोन-तीन वेगवेगळ्या माणसांकडून एकच गाऱ्हाणे आले तर निवडीचा पुन्हा विचार करावा.

रुग्ण आणि नातेवाईक यांच्याकडून माहिती घेताना ते घरी गेल्यानंतर घेणे उत्तम. रुग्ण खाटेवर असताना तो कक्षातल्या कोणाविरुद्ध बोलणार नाही, आणि त्याने केलेली स्तुतीही पूर्ण मोकळी असेल असे नाही. रुग्णाचे नाव, आजार आणि छायाचित्र त्याच्या लेखी संमतीवाचून कुठेही येऊ नये. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्याने माहिती उघड करण्यास मनाई आहे, तेव्हा तशा प्रसंगाचा उल्लेख ओळख पटेल अशा कोणत्याही रूपात करू नये. लहान तालुक्यात ‘अमुक वाडीतील शिक्षकांची सून’ एवढे लिहिले तरी सगळ्यांना माणूस कळतो, हे ध्यानात असू द्यावे.

प्रशस्तिपत्र लिहिताना

गौरवाचा सर्व भार या एका पानावर असतो, म्हणून येथे घाई करू नये. ‘सदर परिसेविका अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ व कर्तव्यदक्ष आहेत’ हे वाक्य कोणाविषयीही लिहिता येते आणि म्हणून ते कोणाविषयीच काही सांगत नाही. त्याच्या जागी एकच प्रसंग, पाहणाऱ्याच्या शब्दांत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहावा. नमुन्यादाखल एका अधिपरिचारिकेचे निवेदन कसे असू शकेल ते पाहा:

‘श्रावणातल्या एका रात्री फुरसे चावलेला रुग्ण दाखल झाला. डॉक्टर त्याच वेळी प्रसूती कक्षातील अत्यवस्थ बाईकडे होते आणि फोनवर सूचना देत होते. अशी केस मी प्रथमच हाताळत होते. मॅडम क्वार्टर्समधून लगेच आल्या, पण त्यांनी माझ्या हातातले काम काढून घेतले नाही. त्या शेजारी उभ्या राहिल्या. रक्त घेतलेली ट्यूब न हलवता ठेवायला सांगितली, घड्याळ माझ्याकडे दिले, आणि ती वीस मिनिटे रुग्णाच्या आईला बाकावर बसवून काय चालले आहे ते समजावले. सकाळी ओव्हरच्या वेळी त्यांनी सर्वांसमोर सांगितले की रात्रीची केस हिने सांभाळली. पुढच्या वेळी अशी केस आली तेव्हा माझे हात थरथरले नाहीत.’

या निवेदनात प्रेमळ हा शब्द एकदाही आलेला नाही. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. म्हणून स्वच्छ, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे स्थिर ठेवतात आणि मग तिरकी करून रक्त गोठले की नाही ते पाहतात. त्यावर प्रतिविषाचा निर्णय अवलंबून असतो. ट्यूब मध्येच हलवली तर उत्तर चुकू शकते. घाबरलेल्या मुलीला त्या वीस मिनिटांत स्थिर ठेवणे हे शिकवणेही आहे आणि सांभाळणेही आहे, आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्याला हे एका दृष्टिक्षेपात कळते. असे कामाचे तपशील पत्रात असतील तर ते पत्र वजनदार होते. पावसाळा सुरू होण्यापूर्वी सर्पविषावरील प्रतिविष आणि त्याची रिॲक्शन आल्यास लागणारे ॲड्रिनॅलीन कपाटात पुरेसे आहे का हे तपासून इंडेंट म्हणजे मागणीपत्र पाठवणे, लावणीच्या दिवसांत लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण वाढतील हे धरून खाटांची तजवीज करणे, हीसुद्धा करुणाच आहे आणि तिची तारीखवार नोंद रजिस्टरमध्ये सापडते.

बोलणाऱ्याची भाषा सुधारू नये. एखाद्या आजीने ‘माका वाटला, माजी आवसच इली’ असे सांगितले असेल तर तेच शब्द तसेच ठेवावेत. त्याचे ‘मला मातृवत वागणूक मिळाली’ असे रूपांतर केले की त्यातला जीव जातो. पत्र एका पानात बसावे, तीन-चार निवेदने सोबत जोडावीत, आणि जिथे शक्य असेल तिथे काम आणि त्याचा परिणाम दोन्ही लिहावेत. उदाहरणार्थ, ड्यूटी लिस्ट आधी लावायला सुरुवात केल्यापासून कक्षात ऐनवेळच्या रजा कमी झाल्या असतील आणि रजिस्टर तसे दाखवत असेल, तर ते लिहावे. अंदाजाने आकडा मात्र टाकू नये.

परवानगी

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी तो चुकवला तर त्रास सत्कार करणाऱ्याला नव्हे, सत्कारमूर्तीला होतो. शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि त्यांत भेटवस्तू स्वीकारण्यावर तसेच सन्मानार्थ होणाऱ्या जाहीर कार्यक्रमांवर बंधने आहेत. त्यामुळे जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, उपजिल्हा वा ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांकडे, आणि रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले असेल तर अधिष्ठात्यांकडे लेखी अर्ज करून पूर्वपरवानगी मागावी, अर्जाची पोच घ्यावी आणि उत्तर हाती आल्याशिवाय निमंत्रणपत्रिका छापू नये. रोख रक्कम, सोने, महागडी वस्तू हे टाळावेच. शाल-श्रीफळाबाबतही कार्यालयाला विचारून घेणे बरे. खासगी किंवा धर्मादाय रुग्णालयात व्यवस्थापनाशी बोलावे.

कार्यक्रम

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० चा, आणि तोच दिवस आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. केंद्र सरकारने १९७३ मध्ये त्यांच्याच नावाने राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला, जो राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो. तुम्ही तयार केलेली निवेदने नीट जपून ठेवली तर पुढे रुग्णालयाला अशा पुरस्कारासाठी नाव पाठवताना त्यांचा उपयोग होऊ शकतो. स्थानिक गौरवासाठी मात्र १२ मेचाच आग्रह नको. त्या दिवशी रुग्णालयात आधीच कार्यक्रम असतात आणि तुमची परिसेविका त्यांच्या तयारीत गुंतलेली असते. तिला सोयीचा दिवस तिलाच विचारावा, आणि तो तिचा ऑफ नसावा. सुट्टीच्या दिवशी साडी नेसून दोन तास व्यासपीठावर बसवणे हा सन्मान नव्हे.

अमेरिकेत १९९९ मध्ये पॅट्रिक बार्न्स नावाच्या तरुणाचा मृत्यू झाल्यावर त्याच्या कुटुंबाने परिचारिकांच्या शुश्रूषेचे ऋण मानून डेझी फाउंडेशन सुरू केले. रुग्ण, नातेवाईक आणि सहकारी प्रसंग लिहून पाठवतात, त्यांतून निवड होते, आणि सन्मान त्या परिचारिकेच्या कक्षातच, सोबत्यांच्या देखत केला जातो. परिचारिका नेतृत्वासाठीही त्यांचा वेगळा पुरस्कार आहे. आजारपणात पॅट्रिकने आपल्या दालचिनी रोलसारखेच रोल परिचारिकांसाठीही आणायला घरच्यांना सांगितले होते, म्हणून आजही सन्मानाच्या वेळी सगळ्या कक्षाला ते वाटण्याची प्रथा आहे. यातून घेण्यासारखे दोन धडे आहेत: जागा कक्षाजवळची असावी, आणि खाऊ सर्वांचा असावा. दुपारच्या ओव्हरनंतर, सकाळची आणि दुपारची पाळी एकत्र असते तेव्हा, सेमिनार रूममध्ये वीस मिनिटांचा कार्यक्रम पुरतो. कक्षात रुग्णांपाशी कोण थांबणार हे आधी ठरवावे आणि त्यांचा खाऊ झाकून ठेवावा. नाईटच्या सिस्टरसाठीही वेगळा डबा काढावा.

व्यासपीठावर पाहुण्यांची रांग नको. एक निवेदन मोठ्याने वाचावे, शक्य असल्यास ज्या सिस्टरने ते लिहिले तिनेच वाचावे, एखादा बरा झालेला रुग्ण स्वेच्छेने आला तर त्याला दोन शब्द बोलू द्यावे, आणि मावशींपैकी एकीच्या हस्ते मानपत्र द्यावे. मानपत्रात विशेषणे कमी आणि केलेले काम अधिक असावे. परिसेविकेच्या घरच्यांना बोलावण्याची आठवण ठेवावी. ज्या चतुर्थीला ती ड्यूटीवर होती त्या चतुर्थीला नैवेद्याचे ताट त्यांनी वाढले होते. छायाचित्रे घेताना मागे रुग्णाचा चेहरा किंवा केसपेपर येणार नाही इतकी काळजी घ्यावी.

कार्यक्रमानंतर सर्व कागदांची एक प्रत रुग्णालयाच्या कार्यालयात आवक करून ती परिसेविकेच्या वैयक्तिक नस्तीत ठेवण्याची लेखी विनंती करावी. बदली होऊन ती दापोलीहून देवगडला गेली तरी ते पान तिच्यासोबत जाते. सोबतच तिला ज्याची गरज आहे असे एखादे काम तुमच्या संस्थेकडून होण्याजोगे असेल, उदाहरणार्थ सिस्टरच्या विश्रांतीच्या खोलीचा बंद पडलेला पंखा किंवा नातेवाईकांसाठी एक बाक, तर रुग्ण कल्याण समितीमार्फत ते करावे. हे मानचिन्हापेक्षा तिला अधिक भावेल अशी माझी खात्री आहे.

बऱ्याच परिसेविका सत्कार नको म्हणतात. काहींना सहकाऱ्यांत वेगळे पडण्याचा संकोच असतो, काहींना पूर्वीच्या अनुभवावरून त्यात राजकारण शिरण्याची भीती वाटते. तसा नकार मिळाला तर एकदाच विचारावे, कक्षाचा मिळून सन्मान केला तर चालेल का, आणि त्यालाही नाही म्हटले तर आग्रह थांबवावा. मग कार्यक्रम, परवानगी, शाल यांपैकी कशाचीच गरज राहत नाही. जमवलेली निवेदने पाकिटात घालावीत, त्यांवर एक साधे आभाराचे पत्र लिहावे, एक प्रत तिच्या हाती द्यावी आणि दुसरी अधिसेविकांच्या नावे कार्यालयात देऊन पोच घ्यावी.